कॉर्कीचा वीट

माझ्या बहिणीचा नवरा लाइल हा लोकांना सल्ला देणारा माणूस आहे. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं सुट्टीला जाऊनही वीट येऊ नये म्हणून काय करावं, हा त्याचा विषय. इंडियानातल्या त्यांच्या गावात चर्चचं जेवण असलं की हा कागदी ताटली हातात धरून उभा असतो आणि भोवती जमलेल्या चार जणांना सांगत असतो, "यंदा उजव्या हाताने सुरुवात करा, पुढच्या वर्षी डाव्या. पार्क तेच, पण तुम्हाला नवं वाटेल." लोक माना डोलावतात. मला ते ऐकूनच वीट येतो. पण मला लाइलबद्दल लिहायचं नाही, माझ्या धाकट्या बहिणीबद्दल, नडीनबद्दल लिहायचं आहे. आता तिच्याबद्दल लिहायचं तर तिचा नवरा आणि तो मेला पेलिकन पक्षी आधी मध्ये कडमडणारच.

नडीन शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. गावातल्या दोन पिढ्यांनी तिच्या हातचे कुस्करलेले बटाटे खाल्लेत. घरी सगळ्यांचं झाल्यावर जेवते, उभ्याने जेवते, आणि "तुला काय हवं?" असं विचारलं तर समोरच्याला काय हवं असेल त्याचा अंदाज घेऊन उत्तर देते. गाडी चालवते ती गावापुरती. मोठ्या रस्त्यावर ती गाडी घालतच नाही. आम्ही दोघी मक्याच्या शेतात वाढलो. जिकडे बघावं तिकडे मका. मी लग्न करून फ्लोरिडाला समुद्रकाठी निघाले तेव्हा तिने माझ्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला होता. म्हणाली, "माझी पहिली सुट्टी तुझ्याकडे हं रोझली. मला समुद्र बघायचाय."

पहिली सुट्टी यायला बरीच वर्षं गेली. लाइल ज्या कारखान्यात आहे तिथे चाकांवरची घरं बनवतात. आतमध्ये पलंग, शेगडी, न्हाणीघर सगळं. माणसं ती घरं गाडीला जोडून अख्खा देश पालथा घालतात. लाइल त्या घरांना खिडक्या बसवतो. लोकांना डोंगरदऱ्या दिसाव्यात म्हणून खिडक्या बसवणारा हा माणूस स्वतः कुठे जातो, तर कॉर्की नावाच्या त्या पेलिकनच्या पार्कात. कारखाना जुलैच्या पहिल्या आठवड्यात बंद असतो. तेवढीच त्याची सुट्टी.

तर त्या पहिल्या सुट्टीला नवरा-बायको दोन लहान पोरांना घेऊन माझ्याकडेच निघाले होते. मी मासे आणून ठेवले, लिंबाची गोड पाय-पेस्ट्री करून ठेवली, माझा नवरा कार्ल तेव्हा हयात होता, त्याने पोरांसाठी अंगणात झोका बांधला. माझ्या घरापासून तासाभरावर त्यांना रस्त्यात पाटी दिसली: नाश्ता फुकट, नाश्ता करणाऱ्याला पार्कची तिकिटं फुकट. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय! ती चौघं नाश्त्याला बसली. नाश्त्याबरोबर एक गोडबोल्या माणूस येतो हे पाटीवर लिहिलेलं नसतं. टेबलावरून उठली तेव्हा ती रिसॉर्टमधल्या एका खोलीतल्या एका आठवड्याची मालक झाली होती. दर वर्षी जुलैचा पहिला आठवडा, तीच इमारत, मरेपर्यंत. मेल्यानंतर पोरांना. समुद्र राहिला. माझ्याकडचे मासे मांजरांनी खाल्ले.

दुसऱ्या वर्षी म्हणाले, "आठवडा आपलाच आहे, वाया कशाला घालवायचा?" तिसऱ्या वर्षीही तेच. मग मी बोलावणं सोडलं आणि दर वर्षी एक दिवस मीच तिकडे जायला लागले, कारण बहीण तासाभरावर येऊन परत जाते हे मला घरात बसून सहन होईना.

कॉर्की म्हणजे डोक्यावर कॅप्टनची टोपी घातलेला पेलिकन. त्याच्या आत उन्हाळ्यात एक घामेजलेला माणूस असतो. तो मिठी मारतो तेव्हा ओल्या सतरंजीचा वास येतो. सगळं पार्क समुद्राचं आहे म्हणे. प्लास्टिकची जहाजं, प्लास्टिकचे शिंपले, खांबांवर कर्णे आणि कर्ण्यांतून सीगल पक्ष्यांचं ओरडणं. खरा सीगल एखादा येतो तो कचऱ्याच्या पिंपाशी. जमीन चिकट, कठडे चिकट, पोरांचे गाल चिकट. पाण्यातून फिरवून आणणाऱ्या नावा आहेत, त्यांतून बाहेर पडणारा प्रत्येक माणूस बुटातून फचफच आवाज करत चालतो आणि तसाच टर्कीची तंगडी खायला रांगेत उभा राहतो. आणि मधोमध लाटांचं तळं. सिमेंटचं तळं, क्लोरीनचं पाणी, आत हजार माणसं. मोठी घंटा झाली की यंत्र लाटा सोडतं, माणसं किंचाळतात. दहा मिनिटांनी पुन्हा घंटा, लाटा बंद, माणसं बाहेर. मी एकदाच आत उतरले होते. कोणाची तरी वापरलेली बँडेजची पट्टी येऊन माझ्या दंडाला चिकटली. त्यानंतर मी काठावर बसते.

लाइल मात्र दर वर्षी वीट टाळायची नवी युक्ती घेऊन येई. एका वर्षी सगळं पार्क उलट्या दिशेने फिरायचं. एका वर्षी फक्त निळ्या रंगाचे पदार्थ खायचे. तेव्हा घरातल्या सगळ्यांच्या जिभा आठवडाभर निळ्या होत्या आणि धाकट्याने गाडीत निळी ओकारी केली. एका वर्षी भिंतींवर दडवलेली पेलिकनची पिसं शोधायची. दर वर्षी सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, पाठीवर पेलिकन आणि छापलेलं: कॉर्की, आम्ही परत आलो! मलाही एक असे. माझ्या कपाटात त्यांचा ढीग आहे, मी फरशी पुसायला वापरते.

आणि शेवटी फोटो. जहाजाच्या सुकाणूसमोर डावीकडे लाइल, मग पोरगी केंड्रा, मग पोरगा ट्रॉय, उजव्या टोकाला नडीन. दर वर्षी तीच जागा, तीच रांग. पोरं मोठी झाली आणि त्यांनी यायचं सोडलं. केंड्राने तर फोनवर तोंडावर सांगितलं, "बाबा, मला त्या पक्ष्याची स्वप्नं पडतात." तरी फोटो चुकला नाही. लाइल डावीकडे, नडीन उजवीकडे, आणि मध्ये दोन माणसं मावतील एवढी रिकामी फट. फोटो काढणारी मुलगी म्हणायची, "जरा जवळ सरका ना." लाइल म्हणायचा, "नको, ती पोरांची जागा आहे." तो फोटो मला पाठवला की मी फोन उपडा ठेवायचे.

मला लाइलचा राग येतो, पण नडीनचा त्याहून जास्त येतो. गेल्या वर्षी तिला मी तळ्याकाठी विचारलं, "तुला आवडतं का गं हे?"

"लाइलला किती आवडतं बघ."

"मी तुला विचारलं."

ती पाण्याकडे बघत म्हणाली, "इथला वास आला की पोटात ढवळतं. गाडी त्या कमानीतून आत शिरली की सुरू होतं. मी गोळी घेऊन येते."

"आणि त्याला सांगत नाहीस?"

"सांगून काय? त्याच्याकडे वर्षात एकच आठवडा असतो."

"आणि तुझ्याकडे किती असतात?" मी म्हटलं. ती मांडीवरच्या टॉवेलच्या घड्या घालायला लागली. अशा माणसाला हलवून जागं करावंसं वाटतं.

पण माझं बोलणं कुठेतरी लागलं असावं. यंदा मार्चमध्ये तिचा फोन आला. आवाज एकदम खालचा. "गुरुवार ठरलाय. गुरुवारी तुझ्याकडे. लाइल हो म्हणालाय. तो म्हणतो मध्ये एक दिवस बाहेर काढला तर वीट येत नाही." म्हणजे माझं घर, माझा समुद्र, हीसुद्धा त्याची कॉर्कीचा वीट टाळायचीच एक युक्ती! तळपायाची आग मस्तकात गेली. पण नडीन पुढे म्हणाली, "मी पन्नाशीची झाले रोझली. या वर्षी नाही झालं तर मी परत म्हणणार नाही." मी जीभ आवरली.

गुरुवारी सकाळी मी स्वतःच त्यांना आणायला गेले. भरवसा कुणाचा! मासे मसाला लावून ठेवले होते, पेस्ट्री फ्रिजमध्ये होती. रिसॉर्टच्या दारात नडीन तयार उभी, हातात टॉवेलची पिशवी. अंगावर यंदाचा नारिंगी टी-शर्ट. लाइल हसत आला.

"फक्त एक तास हं," तो म्हणाला. "जुन्या मालकांना आज नाश्त्याला बोलावलंय. फुकट आहे. वर भेटवस्तू. तू पण चल रोझली, अंडी आहेत."

"लाइल, तुला याच नाश्त्याने एकदा गिळलंय," मी म्हटलं.

"अगं, तेव्हा आपण नवखे होतो. आता कोण फसतंय? खायचं, वस्तू घ्यायची, उठायचं."

नडीनने माझ्याकडे बघितलं. आम्ही आत नाश्त्याला बसलो, आणि हातातली पिशवी तिने हळूच खुर्चीखाली ठेवली.

अंडी पावडरची होती. कॉफी म्हणजे कप धुतलेलं पाणी. आमच्या टेबलावर शेल्बी नावाची बाई आली. सगळे दात दाखवत हसणारी, पहिल्या वाक्यापासून "लाइल, नडीन" अशी नावं घेणारी, जसं काही एका पाळण्यात वाढलो.

"तर लाइल, कसं वाटतंय यंदा? अगदी मनापासून सांगा."

लाइल भाबडा आहे. म्हणाला, "मनापासून सांगायचं तर आमच्या मंडळींना जरा वीट आल्यासारखं झालंय."

शेल्बीने छातीवर हात ठेवला. "हे फार जणांना होतं. आणि कारण काय असतं माहितेय? लोक पुरेसे येत नाहीत."

मी काटा खाली ठेवला.

"तुम्ही फक्त जुलै पाहिलाय," ती सांगत होती. "तुम्ही नाताळातला कॉर्की पाहिलाच नाही! लाल टोपी, खोटा बर्फ, सगळ्या जहाजांवर दिवे. अजून एक आठवडा घेतलात, नाताळचा, की वीट हा शब्द विसराल. वर आजच्या आज घेतलात तर तुमची जुलैची खोली आम्ही समुद्रदर्शनवाली करून देऊ."

"खोटा बर्फ," लाइल म्हणाला. त्याचे डोळे लकाकले. इंडियानात वर्षातले चार महिने फावड्याने खरा बर्फ उपसणारा माणूस हा! "नडीन, ऐकलंस? पोरंही येतील नाताळात. केंड्राला लहानपणी बर्फ किती आवडायचा."

तासाचे दोन झाले. शेल्बी उठून जायची, साहेबाला विचारून यायची, आणखी गोड बोलायची. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात तसं मी लाइलच्या कानात ओतत होते, "ऊठ. ऊठ ना." तो हाताने मला थांबवायचा. शेवटी शेल्बीने कागद पुढे सरकवला. लाइलने सही केली. मग तिने पेन नडीनपुढे धरलं. आठवडा दोघांच्या नावावर असतो, दोघांची सही लागते.

नडीनने पेन घेतलं.

इतकी वर्षं झाली, मला ठाऊक होतं ती काय करणार. तिला काय हवं हे विचारलं की ती समोरच्याकडे बघते, आणि समोर लाइल लहान मुलासारखा हसत होता. मला वाटलं, करू दे सही, मी चालले, मासे पुन्हा मांजरांना घालते आणि या बाईचं तोंड बघत नाही.

नडीनने विचारलं, "समुद्रदर्शनवाली म्हणजे? इथे समुद्र कुठला?"

"हा काय!" शेल्बीने काचेबाहेर हात दाखवला. खाली लाटांचं तळं होतं. नुकतीच घंटा झाली होती आणि माणसं किंचाळत होती. "बाल्कनीतून सरळ समोर. लोक या खोल्यांसाठी वर्षभर थांबतात."

नडीन काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, अगदी तिच्या नेहमीच्या हळू आवाजात, "काल या समुद्रात कुणाच्या तरी पोराला जुलाब झाले. दोन तास बंद ठेवून जाळीने काढत होते. मी आत होते."

शेल्बीचे दात तसेच राहिले.

"नडीन!" लाइल म्हणाला. "खायच्या टेबलावर काय बोलतेस!"

तिने पेनला टोपण लावून ते कागदावर ठेवलं. खुर्चीखालून पिशवी काढली. "रोझली, तुझी गाडी कुठे लावलीस?"

"अगं, थांब ना," लाइल अर्धवट उठला. "शेवटपर्यंत बसलं नाही तर भेटवस्तू देत नाहीत. मी आलोच मागोमाग. वीस मिनिटं."

आम्ही निघालो. रस्त्याच्या कडेची झाडं बुटकी झाली, हवेला खारा वास आला, तेव्हा तिने काच खाली केली आणि तोंड उघडून वारा घेतला. मी तिला घरात नेलंच नाही. सरळ वाळूकडे नेलं. वाळूच्या टेकाडावरून लाकडी फळ्यांची वाट जाते, त्या वाटेच्या वरच्या टोकाला ती थांबली. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, पाठीवरचा 'आम्ही परत आलो'चा पेलिकन तेवढा दिसत होता. मग तिने चपला काढल्या आणि पन्नास वर्षांची बाई कपड्यांनिशी पळत पाण्यात गेली.

मी काठावर उभी राहिले. लाट आली की ती "आई गं!" ओरडायची आणि हसायची. इतकं मोठ्याने हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने बघते तर ती निमूट बाहेर येत होती, केस पिळत.

"काय झालं? थंडी वाजली?"

"नाही. आता बंद होतील ना?"

"काय बंद होतील?"

"लाटा," ती म्हणाली. "घंटा..." आणि तिथेच थांबली. स्वतःचं बोलणं तिच्या कानावर गेलं असावं. तिने वळून पाण्याकडे पाहिलं. लाट आली, तिच्यामागून दुसरी आली. ती मटकन वाळूत बसली आणि तोंडावर हात दाबून रडायला लागली. मला त्या कॉर्कीची, त्या नाश्त्याची, त्या दातांची शिसारी आली. मी तिच्याशेजारी बसले. मग ती उठून पुन्हा पाण्यात गेली, आणि या वेळी मी तिला हाक मारली नाही.

लाइल आला तेव्हा दुपार टळत आली होती. काखेत खोकं होतं. पेलिकनच्या आकाराचे वॉफल काढायचं यंत्र. बुटांसकट वाळूत उभा राहून त्याने इकडेतिकडे पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला. "रांग नाही कुठे. पण इथे करायचं काय?"

"काही नाही," नडीन म्हणाली.

"किती वेळ?"

तिने टॉवेल झटकला. तो मासे खायला आत आला. खाल्ले, नावाजलेही, आणि घड्याळात बघितलं. "निघायला हवं. पाच वाजता कॉर्कीबरोबर जेवण आहे. सहा महिने आधी जागा धरलीय."

"तू जा," नडीन म्हणाली.

"आणि तू?"

"मी इथे आहे रविवारपर्यंत."

"अगं पण आठवडा वाया जाईल!"

"अर्धा तुझा आहे ना? तुझा अर्धा तू वापर."

त्याला ते कळलंच नाही. रागावलाही नाही बिचारा. यंत्राचं खोकं पुन्हा उचलायचं की आमच्यासाठी ठेवायचं याचा विचार करत दारात घुटमळला, शेवटी ओट्यावर ठेवून गेला. ते यंत्र मी त्याच संध्याकाळी कचऱ्यात टाकलं.

शनिवारी दुपारी आम्ही दोघी अंगणात पाय पसरून बसलो होतो. नडीनच्या खांद्यांची सालं निघत होती. तिचा फोन वाजला. तिने बघितलं आणि न बोलता माझ्याकडे दिला.

दर वर्षीचा फोटो होता. जहाजाचं सुकाणू. नारिंगी टी-शर्ट घालून, हात मागे बांधून, हसत, अगदी डाव्या टोकाला लाइल उभा होता. शेजारी केंड्राची जागा रिकामी, तिच्यापुढे ट्रॉयची रिकामी, आणि उजव्या टोकाला नडीनची. अख्ख्या फोटोत माणूस एकच, तो कडेला. खाली लिहिलं होतं, "सगळ्यांची जागा धरून ठेवलीय."

मला किळस आली. त्या हसण्याची आली, त्या मोकळ्या जागांची आली, आणि खरं सांगायचं तर मला त्याची कीव यायला लागली होती याचीही आली. मी फोन उपडा ठेवणार होते, पण नडीनने तो माझ्या हातातून घेतला. बराच वेळ फोटो न्याहाळला. मग अंगठ्याने हळूहळू, एकेक अक्षर शोधत तिने उत्तर लिहिलं, पाठवलं, आणि टॉवेल उचलून समुद्राकडे गेली. फोन खुर्चीवर तसाच उघडा होता.

तिने लिहिलं होतं, "पुढच्या वर्षी मध्ये उभा राहा."